बैल पाणी प्यायचे ती वाट

आईला कहाणीत जायचं असलं की ती आधी चूल रिकामी करायची. तव्यावर भाकरी नको, चुलीवर दूध नको, निखाऱ्यांवर राख ओढलेली. दाराची कडी काढलेली. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला पाण्याने भरलेला तांब्या. मग गळ्यातली कवड्यांची माळ सारखी करून ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि दिमडी हातात घ्यायची. माझं काम ठरलेलं होतं. चूल बघायची, कडी बघायची, तांब्या बघायचा आणि आई परत आली की तिच्या पायांवर पाणी घालायचं. असली कामं मला लहानपणापासून बरोबर जमतात. कहाणीत जाणं मात्र मला कधी जमलं नाही. ते माझ्या धाकट्या बहिणीला जमायचं.

आईचं माहेर आराध्यांचं. तिचे वडील देवीच्या मेळ्यांत गावोगाव कथा सांगत फिरायचे. त्यांच्याकडून तिला दोनच गोष्टी मिळाल्या, ही दिमडी आणि एक कहाणी.

कहाणी अशी. दुष्काळ पडलेला असतो. देवी आपल्या धाकट्या बहिणीला पाण्याला पाठवते. धाकटी घागर घेऊन निघते. जवळची विहीर आटलेली म्हणून ती पुढच्या विहिरीला जाते, तीही आटलेली म्हणून त्याच्या पुढच्या. असं करत करत इतकी लांब जाते की परतीची वाट विसरते. मग देवी तिला शोधायला निघते. प्रत्येक पाणवठ्याला विचारते, माझी धाकटी पाहिली का? पाणवठा सांगतो, पाहिली, इथं बसली, घोटभर प्याली, पुढं गेली. शेवटी एका कोरड्या तळ्याच्या काठी धाकटी सापडते. तिला घेऊन येताना देवीने सगळे पाणवठे उलट्या क्रमाने घ्यायचे, एकही गाळायचा नाही. गाळला तर धाकटी तिथंच बसून राहते.

ही नुसती ऐकायची कहाणी नव्हती. गावाबाहेर मेलेलं माणूस घरी आणायचं असलं की आई या कहाणीत जायची. गावात मेलेल्याला वाट ठाऊक असते, बाहेर मेलेल्याला घ्यायला जावं लागतं, असं तिच्या माहेरचं मानणं. पाणवठ्यांच्या जागी त्या माणसाच्या वाटेवरची ठिकाणं घालायची. दिमडी एका लयीत वाजवत राहायची आणि डोळे मिटून चालत जायचं. दिमडी थांबली की असू तिथून परत फिरायचं, हा एक नियम. सिरसाळ्याच्या बाजाराला गेलेले आमच्या आळीतले एक म्हातारे वाटेतच वारले, त्यांना आईने असंच आणलं होतं. त्यांची सून, म्हातारे घरी येऊन प्याले, तांब्यातलं पाणी कमी झालं म्हणून सांगत सुटली. मी तांब्या पाहिला होता. पाणी तेवढंच होतं. पण ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली, हेही मी पाहिलं.

धाकटी लहानपणी आईच्या मांडीला टेकून बसायची आणि दिमडीबरोबर तीही जायची. परत आली की डोळे चोळत मला सांगायची, "अक्के, देवीच्या पायात चप्पल न्हाई गं. लई पोळत असंल."

"मग देऊन यायची तुझी," मी म्हणायची.

"दिली असती. पण मीबी अनवाणीच गेलते."

आई हसायची. म्हणायची, "ही गेली तरी घरातच असती, आन ती घरात असली तरी दुधाकडंच असती." दुधाकडंच असते ती मी. त्यावर धाकटी आणखी जीभ काढून दाखवायची.

मला गावातच दिली. गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा दहावी झालेली मीच होते, म्हणून सचिव झाले. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट मोजायची, टँकर भरून लावायचा. धाकटीचं लग्न शेजारच्या गावात झालं. त्यांची जमीन माळरानाची, विहिरीला पाणी नाही. पाऊस हुकला की तिचं सासर उसाला, ऊस तोडायला जायचं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांची टोळी टायरगाड्यांची होती, बैल चालवत, मुक्काम करत, फलटणच्या पलीकडे एका सहकारी कारखान्यावर जायची.

पहिल्यांदा निघाली तेव्हा आमच्या गावावरूनच गाड्या जाणार होत्या. ती गाडीतून उतरून घरी आली. मी तिची वेणी घातली, लाल रिबिनीची, घट्ट, म्हणजे वाटेत सुटायला नको. आईने तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि बजावलं, "गाडीत बसलीस की मागं वळून बघू नगंस. उसाला निघालेल्या बाईनं मागं बघितलं तर घर तिच्या मागं लागतंय, तिथं तिला झोप लागू देत न्हाई." धाकटी आईचं सगळं ऐकायची. सामानाच्या गठड्यांमध्ये ताठ बसली. गाडी ओढ्याच्या वळणाला दिसेनाशी झाली तोपर्यंत तिने मान वळवली नाही. मला ती वेणी दिसत राहिली.

त्याच हंगामात ती तापाने गेली. कारखान्यावर, पाचटाच्या कोपीतच. फोन संस्थेत आला, कारण जवळपास दुसरा फोन नव्हता. मी संध्याकाळचं दूध घेत होते. पलीकडून तिचा नवरा बोलत होता आणि त्याला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून मी एकेक प्रश्न विचारून घेतला. कधी. कशाने. डॉक्टर. आता कुठं. सगळं होऊन गेलं होतं. कालव्याच्या कडेला तिला आग दिली होती. फोन ठेवला आणि रांगेतल्या बायकांना म्हटलं, कॅन पुढं घ्या. राहिलेलं दूध घेतलं, मग आईकडे गेले.

त्यानंतर दरवर्षी, ती गेली त्या सुमारास, आई कहाणीत जायची. आणि दरवर्षी तशीच परत यायची. "ओढ्यापस्तोर जाते," ती सांगायची. "फुडं मला वाटच ठाव न्हाई. कुणाला इचारू?" आई आयुष्यात केजच्या पुढे गेलेली नव्हती. धाकटीची वाट ओढ्याच्या पलीकडे सगळी आईला अंधारातच होती. मी पायांवर पाणी घालायची आणि म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. माझा विश्वास होता का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आईला हवं होतं, एवढं पुरे होतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. ओढा, विहिरी, हातपंप सगळं गेलं. गाई चारा छावणीत गेल्या आणि संस्थेत दूध येईना. मी रोज केंद्र उघडायची, झाडायची, दोन-चार कॅन घ्यायची आणि बंद करायची. त्याच उन्हाळ्यात आईचं हृदय फुगलं असल्याचं डॉक्टरांनी अंबाजोगाईला सांगितलं. जिना नको, ओझं नको, मीठ नको. आईने घरी येताना विचारलं, "आन दिमडी?"

"दिमडी तर अजिबात नको."

एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मला तर घरीच मराण यील. मला वाट ठाव हाय. पर मी गेल्यावर तिला आणाया कोण जाईल? तुला तर जाता येत न्हाई."

मग मी ठरवलं की आई आहे तोवर हे काम पुरं करायचं. आईला वाट हवी होती, तर वाट मी मिळवून देणार. मला असल्या कामांची सवय. मी दुसऱ्या दिवशी केजच्या बसस्थानकावर गेले, चौकशीच्या खिडकीवर विचारलं, आणि फलटणपर्यंतचे सगळे थांबे लिहून आणले. केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज. आईला पाठ करून घेतले. तिला पटकन पाठ झाले, कथा सांगणाऱ्यांचं घराणं. दुपारी चूल विझवली. टँकरच्या पाण्यातून आईने आपल्या वाट्याचं पाणी राखून तांब्या भरला. दिमडी हलक्या हाताने वाजायला लागली.

आई ओढ्याच्या पुढे गेली. मला तिच्या ओठांवरून कळत होतं. बार्शी झालं, कुर्डुवाडी झालं. मग तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे गेली. शेवटी तिने दिमडी खाली ठेवली. मी पाणी घातलं तर तिचे पाय गार होते.

"काय झालं?"

"स्टँडंच हायेत समदीकडं," आई म्हणाली. "इचारलं तर कुणी तिला बघितलंच न्हाई. माझी लेक एस्टीत बसून गेलती का गं?"

मी हातात तांब्या घेऊन उभी राहिले. सारं जग ज्या रस्त्याने जातं त्या रस्त्याने मी आईला शोधायला पाठवलं होतं. धाकटी त्या रस्त्याने गेलीच नव्हती. जिथं बैलांना पाणी होतं तिथून गेली होती.

ती वाट एकाच माणसाला माहीत होती. धाकटीच्या नवऱ्याने पुढे दुसरं लग्न केलं होतं आणि आमचं येणंजाणं राहिलं नव्हतं. ते छावणीत होते, बैलांपाशी. मी गेले तेव्हा ते वैरणीच्या पेंढ्या सोडत होते. मला बघून उभे राहिले.

"सेक्रेटरीण बाई छावणीत? बैलाचं दूध मोजाया आलाव का?"

"दाजी, काम आहे," मी म्हटलं. "तुम्ही उसाला जाताना कुठं कुठं मुक्काम करायचात?"

"कावून?"

मी सगळं सांगितलं. दाजींना आईची दिमडी माहीत होती. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या बायकोने तिकडून चहा आणला. मला वाटलं आता ही निघून जाईल. ती माझ्यासमोर खाली बसली आणि त्यांना म्हणाली, "सांगा की. मला तर उसाला जाताना दर साली सांगता. इथं ती असं म्हणली, इथं ती तसं म्हणली. मला तर ती वाट तिच्याच तोंडानं पाठ झालीय."

दाजी मग सांगायला लागले आणि कुठं राहिलं तर ती भर घालायची.

"पयला ओढ्याचा डोह."

"मग लिंबाखालचा हौद."

"तिथं तिनं तोंड धुतलं न्हाई, म्हणली कपाळाचा भंडारा जाईल."

पुढे वखारीजवळचा हापसा. त्याचा दांडा इतका जड की धाकटी त्याला लटकली आणि तरी पाणी आलं नाही. मग पांढरा मारुती. तिथं बैलाने मारुतीच्या गळ्यातली रुईची माळ खाल्ली आणि धाकटी इतकी हसली की टोळीतल्या बायका तिच्यावर रागावल्या. मग भीमा नदी.

"नदीला ती लई येळ उभी राहिली," दाजी म्हणाले. "म्हणली, एवढं पाणी हाय तर आपल्याकडं कावून न्हाई? मी म्हणलं, मला काय इचारतीस, मी सोडलंय का?"

"आन मग गुऱ्हाळ," त्यांची बायको हळूच म्हणाली.

"गुऱ्हाळवाल्यानं काकवी दिली. तिनं बोट चाटलं आन म्हणली, अक्कीला न्यायला पायजे." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मग कालवा. तिथं कोप्या."

दाजी बैलाच्या मागे जाऊन उभे राहिले. मी ते सगळं लिहून घेणार होते. पेन बाहेर काढलं होतं. पण लिहायची गरज पडली नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, दोनदा. गुऱ्हाळाशी आली की ती डोळे पुसायची आणि म्हणायची, "हं, फुडं." आता वाट पुरी होती. पण त्या आठवड्यात आईला बसल्या जागी धाप लागायला लागली. दिमडी वाजवायची आणि चालायचंही, हे दोन्ही तिच्याने होणार नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिने मला बोलावलं. "चूल इझीव," म्हणाली. मी विझवली. कडी काढली. तांब्या भरला. मग ती म्हणाली, "आता हितं बस. मी वाजिवते. तू जा."

"मला जमत नाही, आई. तुला माहीत आहे."

"तुला पाणवठं येतात का न्हाई सरळ आन उलटं?"

"येतात."

"मग झालं. तुझ्यासारखी एक न गाळणारी बाई माझ्या बापालाबी मिळाली नसती."

मी तिच्या मांडीला टेकून बसले. धाकटी बसायची तिथं. इतकी मोठी बाई, केस पांढरे व्हायला लागलेली. डोळे मिटले. दिमडी माझ्या कानाशीच वाजत होती, दम नसल्यामुळे अगदी हळू. बराच वेळ मला फक्त घरातलं ऐकू येत होतं. मग मी मला येतं तेवढं केलं. एकेक पाणवठा घेतला आणि प्रत्येकाला विचारलं, माझी धाकटी पाहिली का?

डोह म्हणाला पाहिली. हौद म्हणाला, बसली पण तोंड धुतलं नाही. हापशाचा दांडा हलत होता. मारुतीच्या गळ्यात माळ नव्हती. मी हे ठरवून बघत नव्हते, एवढंच मला सांगता येईल. नदी होती आणि ती फार मोठी होती. मला नदी ओलांडता येईना, मग दिमडी थोडी जोराने वाजली आणि मी पलीकडे होते. गुऱ्हाळाचा वास आला. कालवा आला.

कालव्यावर एकच टायरगाडी होती, बैल जुंपलेली. तीत ती बसली होती. ताठ, गठड्यांच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून. लाल रिबिनीची वेणी. मी घातलेली, तशीच, एक केस सुटलेला नाही.

मी तिला हाक मारली नाही. मी परतीची यादी सुरू केली. कालवा. गुऱ्हाळ. भीमा. गाडी माझ्याबरोबर चालू लागली, बैलांचे पाय मला ऐकू येत होते. मारुती, हापसा, हौद. ती कुठंही बसून राहिली नाही. पण तिचं तोंड अजून कारखान्याकडेच होतं. गाडी घराकडे येत होती आणि ती तिकडेच बघत होती.

"आई," मी डोळे मिटूनच म्हटलं, "ती पाठमोरी आहे."

दिमडी क्षणभर अडखळली, पण थांबली नाही. माझ्या डोक्यावर काहीतरी गरम पडलं. "मीच म्हणलं व्हतं तिला," आई म्हणाली. "मीच म्हणलं व्हतं मागं बघू नगंस." मग माझ्या डोक्यावरून पलीकडे, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावं तसं ती बोलली. "ए माय. आता बघ. आता कोण काय म्हणत न्हाई. बघ मागं."

डोह आला. ओढा ओलांडून वळण आलं, वेस आली. धाकटीने गठडीवर हात टेकला, उठताना माणूस टेकतं तसा. वेणी हलली.

दिमडी थांबली.

मी डोळे उघडले. आईचा हात मांडीवर पडला होता आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. दिमडी थांबली की असू तिथून परत फिरायचं. मी उठले, तिला उशीवर टेकवलं, पदराने वारा घातला. माझ्या पायांवर पाणी घालायला कुणी नव्हतं. मीच तांब्या उचलून घालून घेतलं.

श्वास जागेवर आल्यावर आईने विचारलं, "आली का?"

"आली. ओढा ओलांडला. वेशीच्या आत आहे."

"वळली का?"

मला वळली म्हणता आलं असतं. पण आईने मला पाठवलं होतं ते मी एक न गाळणारी म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "वळणार होती."

आईने आढ्याकडे बघितलं. "घरात आली न्हवं," ती म्हणाली. "घरातली पोर हाय, आज न्हाई तर उद्या बघंल तोंडाकडं." मग तिने भाकरी मागितली, आणि मी चूल पेटवली.

पावसाच्या आधीच आई गेली. घरात, आपल्या अंथरुणावर, दुपारच्या वेळी. बायका जमल्या, काय काय लागतं ते मी सांगत होते आणि त्या आणत होत्या. हळद, नवं लुगडं, तुळस. गाई छावणीतून परतल्या नव्हत्या, केंद्र बंदच होतं, त्यामुळे घाई नव्हती. दाजी आले होते, त्यांच्या बायकोला घेऊन. ती तांब्या भरून उंबऱ्याच्या आत ठेवताना मी पाहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आईचे केस मीच विंचरले. पांढरे, थोडेच राहिलेले, वेणी होईना. कवड्यांची माळ सारखी केली. बायका म्हणाल्या, आता झाका तोंड. मी त्यांना म्हटलं थांबा, आणि आईच्या कानाशी वाकले.

"आई, ती आहे घरात कुठंतरी," मी म्हटलं. "तोंड बघून घे तिचं. मला नाही दिसलं."